दव प्यायलेला कापूस

इंजिनियरिंगची वरची पदवी घ्यायची, तर दोन ऐच्छिक विषय आणि संशोधनाचा एक विषय एका कागदावर लिहून द्यायचा होता. कागद वीतभर, आणि मी त्याच्याकडे महिनाभर टकामका बघत होतो. ऐच्छिक विषय ठरलेलेच होते. म्हणजे पुढच्या वर्गातल्या मुलांनी ठरवले होते. विजेची यंत्रं घ्या, वाफेची टर्बाइनं घ्या, वीजघरात नोकरी ठेवलेलीच! टर्बाइन मी फक्त चित्रात पाहिलं होतं. तरी संशोधनाच्या रकान्यातही तेच दडपून दिलं, तेव्हा प्राध्यापकांनी कागद परत केला.

"ज्याचं उत्तर तुम्हालाही ठाऊक नाही आणि मलाही नाही, असा प्रश्न आणा," ते म्हणाले. "सुट्टी संपायच्या आत. जागा एकच आहे आणि तुमच्यामागे दुसरा उभा आहे."

मी इंझोरीला घरी आलो तो असा भांबावलेला. कापसाचे दिवस होते. बाबा कारंज्याच्या जीनवर, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, माल घेऊन निघाले, तसा मीही बैलबंडीत चढून बसलो. घरात बसून आढ्याकडे पाहण्यापेक्षा ते बरं.

जीनच्या फाटकाशी एक म्हातारा पारखी बसलेला असे. त्याच्या तोंडात उजव्या बाजूचेच काय ते दात शिल्लक होते. बंडीत कोपरापर्यंत हात घालून तो तळाचा कापूस काढी, त्यातली सरकी उजव्या दाढेखाली धरी आणि चावी. आमची सरकी चावली आणि त्याने मान हलवली.

"दव पेला हाये कापूस, दादा. उनात पसरा, मंग आना."

बाबा बैलांकडे पाहू लागले. आमच्याकडे कापूस विकायला नेण्याआधी रातभर अंगणात उघडा ठेवायची चाल होती. दवाने वजन वाढतं, हे सगळ्यांना ठाऊक. पण त्याला लबाडी कोणी म्हणत नसे. विहिरीचं पाणी शिंपडलं तर पाप, दव तर देवानं दिलेलं! माझ्या बाबांसारखा शब्दाचा पक्का माणूस, पण तेही दवाच्या बाबतीत देवावर हवाला ठेवून मोकळे.

कापूस उन्हात पसरला आणि मला दुपारभर उद्योग मिळाला. एका कोरड्या बंडीतली सरकी मागून घेतली, आमची घेतली, डोळे मिटून एकेक चावत सुटलो. निम्म्या वेळा चुकलो. पारखी एकदाही चुकला नाही. कोरडी सरकी कट्कन फुटते, ओली दबते, एवढं त्याने सांगितलं. पण आमचा कापूस हाताला तर कोरडा लागत होता! मग पाणी होतं कुठे? रुईत की सरकीत? उन्हात आधी कुठून निघतं?

"हे मले काय इचारतं?" म्हातारा हसला. "माया दाढेले इचार. ओला माल चरकावर घेतला तं रुई तुटते, रुळाले गुंडायते. कायले, ते तूच सांग. शिकला हाय नं तू?"

एवढं शिकून मला सांगता येईना, याचा मला इतका आनंद झाला की मी त्या आवारात वेड्यासारखा फेऱ्या मारू लागलो. प्राध्यापकांनाही हे सांगता आलं नसतं, याची मला खात्री होती.

परतताना बंडीत मी बोलत सुटलो. कापसातल्या ओलाव्याचाच अभ्यास करणार; टर्बाइनं गेली खड्ड्यात, ऐच्छिक विषय आता उष्णतेचा आणि पदार्थांच्या परीक्षेचा; आणि शेवटी असं साधन बनवणार, की दाढ नको, कापसात खुपसलं की दव कळलंच पाहिजे. बाबांनी कासरा आवळला.

"म्हंजे आमाले पकडाचं यंतर करून राह्यला तू?"

त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. मी आधी चिडलो, मग मला लाज वाटली, मग पुन्हा चिडलो. विषय सोडावा तर जागा जाणार, आणि धरावा तर गावात बाबांना मान खाली घालावी लागणार. खरं सांगायचं तर जागेपेक्षाही तो प्रश्नच मनातून जाईना. जेवतानासुद्धा मी खिशातली सरकी चावून बघत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीवर बसून प्राध्यापकांसाठी टिपण लिहायला घेतलं. बाबा येऊन शेजारी टेकले. त्यांना वाचता येत नव्हतं.

"काय लिवलं? वाच."

मी वाचून दाखवलं. दव प्यायलेल्या कापसाचे नमुने कुठून आणणार, या ओळीशी आलो आणि अडखळलो. तरी वाचलं, "वऱ्हाडातल्या एका शेतकऱ्याच्या घरून."

"कोन्या शेतकऱ्याच्या?"

मी पेन खाली ठेवलं.

"एका शेतकऱ्याच्या म्हंतलं तं साऱ्या गावावर आळ येते," बाबा म्हणाले. "ते खोड. बापाच्या घरून, असं लिव."