रॉकेलच्या डब्यातला मोगरा

निजामाच्या राज्यात वडील पूर्ण्याच्या स्टेशनात कारकून होते. बदलीचा नेम नव्हता, म्हणून आई क्वार्टरच्या अंगणात काही लावायचीच नाही. रॉकेलच्या रिकाम्या डब्यात तिनं मोगरा लावला. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी त्यालाच. पहिली कळी दिसली, तेव्हा शेजारणींना हाका मारून आली.

चौथ्या वर्षी बदली झाली. निघताना डबा उचलायला गेली, तर तो हलेना. तळ गंजून मुळं जमिनीत उतरली होती. गाडीची वेळ झाली होती आणि वडिलांना धीर कधीच नव्हता. त्यांनी हिसका दिला. पत्रा फाटला, मोगरा बुडापासून मोडला.

नव्या गावी मी हौसेनं दुसरा डबा आणून दिला. आईनं तो घासला, उन्हात वाळवला आणि त्यात ज्वारी भरली.