प्रेमानंदचे कान

"टोचून राहिलं गा प्रेमानंदा. 'साऊली' म्हटलं का सुई घुसते कानात."

"सुई नाई ताई, हवा हाये थे. हवा नसली तं आवाज गोदामात कोंडल्यावानी वाटते."

"मंग तुयी हवा बाभळीतून येऊन राहिली."

पंचफुलाबाई भीमगीतं गाते. तिची नवी गाणी दसऱ्याले दीक्षाभूमीवरच्या दुकानांत वाजायची होती. मिक्सिंग प्रेमानंदकडं. वाडीत, ट्रान्सपोर्टच्या गोदामामागं, भाड्याच्या खोलीत भिंतीले बारदाना ठोकून त्यानं स्टुडिओ केला होता.

इक्वलायझरमंधी आवाजाचे पट्टे असते. डावीकडं ढोलकीचा दणका, पार उजवीकडं 'स'ची शीळ. गिऱ्हाईक काही पट्ट्याचं नाव घेत नाई. गढूळ लागते म्हणते, तं प्रेमानंद डावीकडचं उतरवे. डब्यात बोलल्यावानी म्हटलं का मधलं कापे. नाकातून येते म्हटलं तं त्याच्या जरा उजवीकडचं. अन् टोचते म्हटलं का पार उजवीकडचं. याच समजेवर त्याचं पोट होतं.

पण आज त्याले टोचतच नव्हतं. त्यानं पडद्यावर पाहिलं. 'साऊली'पाशी उजवीकडं डोंगर उभा होता. कानात सपाट. गाणं मुकं वाटे म्हणून थो डोंगर त्यानंच चढवला होता.

"कॉम्प्युटर अटकून राहिला ताई. परवा या," म्हणाला.

रामदासपेठेत कानाच्या डॉक्टरनं त्याले काचेच्या खोलीत बसवलं. शिट्टी ऐकू आली का बटन दाबा म्हणे. प्रेमानंद बटनावर अंगठा ठेवून बसला. बराच वेळ त्याले वाटलं, मशीनच चालू व्हायची हाये.

मंग कागद आला. रेघ उजवीकडं जाता जाता खाली कोसळली होती. असा उतार त्यानं रोज काढला होता, लोकाइच्या आवाजावर.

"काम काय करत होते?"

"डीजेच्या गाडीवर होतो. भोंग्यापाशीच उभा राहो."

"गेलं ते परत येत नाही. उरलं ते सांभाळा."

घरी बायको मयुरा म्हणाली, "इन्व्हर्टर चिरकत राहते अन् तुमी उठत नाई. मले वाटे, आळशी हाये माणूस."

परवा पंचफुलाबाई आली. त्यानं सांगून टाकलं.

"मंग माह्या गाण्याचं?"

"तुमी बाजूले बसा. टोचते का नाई थे सांगा. मी उतरवतो."

"हे करू. पुढचं काम मिहानकडच्या स्टुडिओवाल्या पोट्ट्याले देईन, बाबू. अन् लोकाइनं तुया कानाचं इचारलं तं खोटं नाई बोलणार मी."

"नका बोलू."

त्यानं खुर्ची ओढून देली, गाणं मागं नेलं.

"टोचते?"

"हो."

त्यानं उजवा पट्टा उतरवला. त्याले काहीच फरक लागला नाई.

"आता?"

"थोडं हाये अजून."

त्यानं अजून उतरवला.