काशिनाथची इंग्रजी

आमची पलटण काश्मीरमध्ये गेली तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी नायक होतो, उल्हासनगर कॅम्प पाचचा. शिपाई काशिनाथ बदलापूर रस्त्यावरच्या एका गावचा, आगरी. दोघांची घरं जवळ, त्यामुळे सुट्टी, डबा आणि भांडण सगळं एकत्रच चालायचं.

इंग्रजीवरून मात्र आमचं कधी जमलं नाही. माझे वडील छप्पन साली दीक्षा घेतलेले, अंबरनाथला कारखान्यात कामाला. ते म्हणायचे, "मराठीत आपल्याला काय काय म्हणतात ते मी ऐकलंय. इंग्रजीत ते शब्दच नाहीत. शीक." मी शिकलो. पण उल्हासनगरला आम्ही राहत होतो ती बराक गोऱ्या सोल्जरांसाठी बांधलेली होती, शहराच्या तोंडात अजून 'कॅम्प' हाच शब्द होता. इंग्रजी बोलताना मला ताठ वाटायचं आणि कुणाची तरी उतरलेली वर्दी अंगात घातल्यासारखंही वाटायचं.

काशिनाथचा हिशोब सरळ होता. महायुद्धात गोऱ्यांना विमानं उतरवायला जागा हवी होती. त्याच्या आजाच्या हातात इंग्रजी कागद ठेवला, अंगठा घेतला आणि शेत गेलं. तेव्हापासून त्या घरात इंग्रजी बोललेलं आजाला खपत नसे. नातवंडं 'थँक्यू' म्हणाली तरी म्हातारा ताटावरून उठायचा.

एकदा आमच्या सुभेदारसाहेबांनी सांगितलं की संतरी 'हुकुमदार' म्हणून ओरडतो, ते मूळचं 'हू कम्स देअर' आहे. काशिनाथचं तोंड बघण्यासारखं झालं. "म्हंजे पहाऱ्यावर मी इंग्रजीच बोलतंय कं?" आम्ही आठवडाभर त्याला साहेब म्हणून हाक मारत होतो.

त्याचा कान तल्लख होता. खरखरीतूनही त्याला आवाज कळायचा, म्हणून त्याला रेडिओ सेटवर घेतलं. सेटवर बोलणं इंग्रजीत. घाई झाली की हा आगरीत घसरायचा आणि पलीकडून 'से अगेन' यायचं. शेवटी तो माझ्याकडे आला.

"मना शिकव. पन आजाला बोलू नको."

"का? मारेल?"

"मारील तं चालंल. वाईट वाटंल त्याला."

मी त्याला जेवढी लागते तेवढी शिकवली. चुकला की तो आधी इंग्रजांना शिव्या घालायचा, मग मला.

त्या हिवाळ्यात वरच्या चौकीवर रसद पोचवायची होती. सकाळी ऊन होतं. काशिनाथ आणि त्याचा जोडीदार वाट फोडत पुढे गेले. मागे आम्ही, दोरीने एकमेकांना बांधलेले. आमचे कॅप्टनसाहेब केरळचे, नुकतेच आलेले. हिंदी त्यांना अजून अडखळत यायची. आमच्या तुकडीचा सेट माझ्या पाठीवर होता आणि हँडसेट त्यांच्या कानाला. पुढे एक नाला होता. आम्ही त्यात पाय टाकणार, तेवढ्यात काशिनाथचा आवाज आला. साहेब मला खेटूनच होते, मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"डू नॉट कम. स्नो इज मूव्हिंग. डू नॉट कम. ओव्हर."

साहेबांनी हात वर केला. "हॉल्ट! बॅक! बॅक!"

आम्ही मागे सरलो. ते दोघे होते तो समोरचा उतार सुटला आणि नाला भरून गेला. साहेब हँडसेटमध्ये त्याला हाका मारत राहिले. सेट नुसता खरखरत होता.

जोडीदाराला आम्ही जिवंत काढलं. काशिनाथला काढलं तेव्हा तो गेलेला होता. मी त्याच्या चेहऱ्यावरचं बर्फ पुसलं आणि रडलो. तो आगरीत बोलला असता तर साहेबांनी 'से अगेन' म्हटलं असतं, आणि आम्ही सगळे तोवर नाल्यात असतो.

त्याला घरी घेऊन मीच आलो. दहावा झाल्यावर आजाने मला ओसरीवर बोलावलं.

"तू व्हतास ना तिथं? शेवटला काय बोल्ला माजा पोर?"

मला काशिनाथचं 'आजाला बोलू नको' आठवलं. मराठीत सांगून वेळ मारून नेता आली असती. पण म्हातारा माझ्या तोंडाकडे बघत होता. मी सांगितलं, "आजा, तो म्हणाला, येऊ नका, बर्फ सरकतंय. पण ते तो इंग्रजीत बोलला. साहेबांना दुसरं काही नीट कळत नव्हतं."

आजाने खांबाला हात घातला. आता हा उठून आत जाणार, असं मला वाटलं.

"मराठीन नको," तो म्हणाला. "तो जसा बोल्ला तसाच सांग."

मी उभा राहिलो आणि सेटवर ऐकलं होतं तसंच म्हटलं. म्हाताऱ्याने ते पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्या वेळी त्याचेही ओठ हलत होते.

"त्यो शेवटला शब्द कंचा? वव्हर?"

"ओव्हर. म्हणजे माझं बोलून झालं, आता तुम्ही बोला."

"मंग कोन बोल्ला त्याच्याशी?"

"साहेब बोलले, आजा. पण त्याला ऐकू गेलं नसणार."

आजा खांबाला धरून उठला, ओसरीच्या कडेला गेला आणि अंगणाकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, "कोनी नाय आला रं, पोरा. सगली वाचली."