आमच्या अंगणातला पाट

यशवंतपूरच्या पलीकडे आम्ही घर बांधलं, तेव्हा भोवती अजून भाताची शेतं होती. तळ्याचं पाणी पाळीपाळीने शेतांना सोडणारे एक म्हातारे रोज सकाळी खांद्यावर फावडं टाकून आमच्या अंगणातून जायचे. त्यांची वाटच ती होती, घर आमचं मधे आलं होतं. मी बेळगावची, त्यांच्याशी कन्नडात बोलायची आणि त्यांना अज्जा म्हणायची.

तुळशीपाशी आले की ते धोतर सावरून एक लांब ढांग टाकत. पहिल्यांदा मला हसूच आलं.

"काय ओलांडता, अज्जा? इथं काही नाही."

"स्वल्प सरका, अक्का," ते म्हणाले. "पाटात उभ्या आहात तुम्ही."

पुढे कारखाने आले, शेतांचे प्लॉट पडले. आम्ही खूश होतो, बसथांबा दारात आला होता. मग तळ्यातही भराव पडू लागला. सोडायला पाणी उरलं नाही, तरी अज्जा रोज जात, बांधावर उभे राहत आणि परत येत. जाताना एक ढांग, येताना एक. हळूहळू मीही ती जागा ओलांडूनच तुळशीला पाणी घालू लागले.

एका सकाळी ते फावड्याशिवाय आले आणि तुळशीसमोरून सरळ चालत गेले. पाय उचललाच नाही.

"अज्जा, पाट!" मी ओरडलेच.

ते थांबले. पायाखाली बघून म्हणाले, "इथं काही नाही, अक्का."