रुबिनाचा सी ड्राइव्ह

रुबिनाने कंपनीच्या मालाचा बॅच रिपोर्ट उघडला आणि स्क्रीनभर नुसता कचरा आला. चौकोन, प्रश्नचिन्हं, अर्धवट अक्षरं. दुसरा उघडला, तेच. फोल्डरमध्ये एक छोटी फाईल मात्र नवी होती. तुमच्या फायलींना कुलूप लावलंय, किल्ली हवी तर या मेलवर संपर्क करा, असं तिच्यात इंग्रजीत लिहिलेलं.

रुबिना कामाला होती त्या बिरवाडीजवळच्या केमिकल कंपनीचे कॉम्प्युटर मी सांभाळायचो. रॅन्समवेअर, म्हणजे किल्लीसाठी पैसे उकळणारा व्हायरस, हा शब्द तेव्हा महाडात कुणी ऐकला नव्हता. मीही नाही. व्हायरस आला की फॉरमॅट मारायचं, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकायचं, एवढंच आमचं शास्त्र.

मालक म्हणाले, "हिच्या भावाचे कुवेतहून मेल येतात. त्यातूनच आलंय." ते मेल जेवणाच्या सुट्टीत बघायची परवानगी त्यांचीच होती.

रुबिनाने मला जिन्यात गाठलं. "काका, माझ्याकडून झालं असेल तर तसं सांगा. नसेल तर तेवढं तरी साहेबांपुढे बोला. भावाचं काम सुटलंय. घर माझ्याच पगारावर हाय."

मालकांच्या मेलमध्ये ऑर्डरच्या चौकशीची एक अटॅचमेंट सापडली. ती फ्लॉपीवर घेतली, माझ्या दुकानातली दोन भंगार मशीन वायरने जोडली आणि एकावर ती चालवून बघत बसलो. प्रोग्रॅमने विंडोजला हात लावला नाही. फोटो सोडले. वर्ड आणि एक्सेलच्या फायली तेवढ्या वेचल्या. आधी त्याच मशीनचा सी ड्राइव्ह संपवला, मग वायरीवरून दुसऱ्या मशीनच्या शेअर्ड फोल्डरमध्ये, म्हणजे सगळ्यांसाठी उघड्या ठेवलेल्या फोल्डरमध्ये शिरला. दुसऱ्या मशीनचं बाकी सगळं शाबूत. शेवटी त्याने स्वतःलाच पुसलं.

आणखी एक खोड दिसली. तो कुलूपबंद नवी फाईल बनवायचा आणि जुनी डिलीट करायचा. डिलीट झालेली फाईल डिस्कवरून लगेच जात नाही. तिच्यावर दुसरं काही लिहिलं गेलं नाही, तर परत काढता येते.

कंपनीत मालकांच्या मशीनवरच्या वर्ड-एक्सेलच्या सगळ्या फायली गेल्या होत्या. रुबिनाच्या मशीनवर फक्त डी ड्राइव्हवरचा शेअर्ड फोल्डर.

मी मालकांना सांगितलं, "साहेब, सुरुवात तुमच्या मशीनवर झालीय. मशीन बंद ठेवलीत तर बरेच रिपोर्ट परत निघतील."

त्यांनी केबिनचं दार लोटलं. "पार्टनरला काय सांगू, मी उघडलं म्हणून? दोन्ही फॉरमॅट मार. माझं आधी."

"पण रिपोर्ट?"

"कंपनी तुझी आहे का?"

मी दोन्ही फॉरमॅट मारली.

पार्टनर आले. कुणाच्या मशीनवरून आलं, असं त्यांनी मला रुबिनासमोरच विचारलं. मी म्हणालो, आता सांगता येणार नाही. ते खरंच होतं. फ्लॉपीवरची अटॅचमेंट कुणाच्या मेलमधली, हे दाखवायला काही उरलं नव्हतं; पुसलं मीच होतं. रुबिना माझ्याकडे बघत राहिली. तिला काढलं. माझं काम चालू राहिलं.

पुढे ती चवदार तळ्याजवळ एका झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करायची. मी त्या रस्त्याने जाणं सोडलं.

व्हायरसची लक्षणं लिहिताना एक लक्षण जोडावं: सगळ्यात आधी आपलंच मशीन पुसायला कोण सांगतो. बाकी माझ्याकडे पुरावा नाही. रुबिनाचा सी ड्राइव्ह शाबूत होता. मी फॉरमॅट मारेपर्यंत.