साहेबांची भट्टी, आमचा सडा

तिठ्यावर गाडी लागली तेव्हा आये रडली नाही, ड्रायव्हरशी भांडली. "पोरगी पयल्यांदा जाता, तिका खिडकीच होई!" खिडकी मिळाली. गाडी हलल्यावर बाहेरून ओरडली, "लोकांच्या घरात नाक खुपसू नको गो!" आठवीत शाळा सुटलेली मी, मुंबईत एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञांची देखभाल करायला निघाले होते. वाडीत राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांनो, हे तुम्हालाच सांगतेय, कारण सध्या माझ्या डोक्याचा नुसता गुंता झालाय.

घाटकोपरला आल्यावर पहिल्याच फोनवर मी कौतुकाने सांगितलं, "आये, साहेबांनी देशासाठी अणुभट्टी बांधली." रेंज तुटत होती. आयेला शेवटचंच ऐकू गेलं. "भट्टी? हातभट्टी गो? तू दारूवाल्याकडे ऱ्हवतंस?" संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीत बोंब. मी घाबरत साहेबांना सांगितलं, तर हसता हसता त्यांच्या नाकातली ऑक्सिजनची नळी निघाली. पुढे कुणाही जुन्या मित्राचा फोन आला की, "बोला, हातभट्टीवाला बोलतोय!"

त्यांचं आयुष्य मला पेज भरवताना तुकड्यातुकड्याने कळलं. खानदेशातल्या शाळामास्तरांचा मुलगा. परदेशात चांगली नोकरी होती, देशातून बोलावणं आलं, सोडून आले. पत्र्याच्या शेडमध्ये सुरुवात. पहिली भट्टी चालू झाली तेव्हा कुणी टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत म्हणे, सगळे श्वास रोखून मीटरच्या काट्याकडे बघत राहिले. मग देशात कुठे काय उभारायचं हे तेच ठरवू लागले. आता त्यांचा मुलगा अमेरिकेत, बाईसाहेब वारल्या, आणि वारा फिरून देवनारच्या कचऱ्याचा वास आला की खिडकी लावायला मी.

या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. माझा भाऊ आंब्यावरून पडला तेव्हा साहेबांनी स्वतः फोन करून मोठ्या हॉस्पिटलात जागा मिळवून दिली. आज तो स्वतःच्या पायांवर चालतो.

त्याच भावाचा यंदा फोन आला. "ताई, आपल्या सड्यावर तसलीच भट्टी येतहा. घर, कलमां, सगळा जातला. मोर्चे चाललेत. आये म्हणता, तुझ्या सायबाक इचार, जमीन देऊ की नको."

दोन दिवस मी नुसती कामं उरकत राहिले. साहेब म्हणाले, "आज भातात मीठ विसरलीस. काय झालंय?"

मग सांगितलं. विचारलं, "साहेब, धोका असतो का हो?"

"आम्ही बांधलेल्या भट्टीशेजारी मी माझ्या मुलाला नेऊन उभं केलंय, सुनंदा. भट्टीचं विचारशील तर सांगेन, घाबरू नका."

"आणि जमिनीचं?"

त्यांनी नाकातली नळी सारखी केली; उशाशी ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं. "जागा आम्ही नकाशावर बघायचो. खडक, पाणी, वारा. माणसं दुसऱ्या खात्याकडे असायची." मग एकदम, "तुमच्या सड्यावर काय असतं गं?"

मी सांगत सुटले. डोंगरावरचा सपाट काळा कातळ, त्याच्या फटीत आजोबांनी टोपल्यांनी माती वाहून लावलेली आंब्याची कलमं, नाचणीचा तुकडा, खाली दिसणारी खाडी. त्यांनी एकदाही मध्ये तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "वीज लागतेच गं. मी केलं ते चुकलं असं मी म्हणणार नाही." आणि ते खोटं कसं म्हणू? त्यांचा श्वास विजेवर चालतो. आमच्या वाडीत लाइट गेली की आये कंपनीला शिव्या घालते. पण म्हणून सडा द्यायचा?

आयेने व्हिडिओ कॉल केला. मागे भाऊ, शेजारी, सगळे. मी सांगितलं, "साहेब म्हणतात, भट्टीला घाबरू नका."

"त्येंचा कळला. तू काय म्हणतंस?"

मला आजवर कुणी असं विचारलंच नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "देऊ नको, आये."

"बरा. मगे नाय म्हणून सांगतंय." फोन बंद. वाट लागली माझी. 

साहेबांनी आतून ऐकलं होतं. "कारण काय दिलंस?"

"कारण नाही सांगता येत, साहेब. रागावलात?"

"आयुष्यभर मी कारणं मागत आलो," ते म्हणाले, "आणि खानदेश सोडून नाशिकला जाताना माझ्या वडिलांनी, मास्तरांनी, विचारलं होतं, गावचं घर विकू का, तर मी लगेच हो म्हटलं होतं. कारणं भरपूर होती. घर तेवढं राहिलं नाही." त्यांनी भिंतीकडे तोंड वळवलं. मी पांघरूण सारखं केलं.

मी बरोबर बोलले का, अजून कळत नाही. जे सड्यावर राहतात त्यांनी ठरवायचं, तर विचारलं मला. मी ज्यांचं अन्न खाते त्यांच्या कामाला मी नको म्हटलं, तरी त्यांनी मला कामावर ठेवलंय. घर कुठलं म्हणून कुणी विचारलं तर पूर्वी पटकन गावाचं नाव सांगायचे. आता आधी सड्यावरची आये आठवते, मग आतल्या खोलीतली घरघर, आणि दोन्हीकडे एकदमच जीव टांगलेला असतो.