वीस अंश चौतीस मिनिटं

गावित गुरुजींनी चपला बाहेर काढल्या आणि आमच्या एसी खोलीत येऊन माझ्याच सहीचं पत्र माझ्यासमोर ठेवलं. पत्रात लिहिलं होतं, 'आपल्या गावाच्या परिसरात गेल्या सहा महिन्यांत एकही भूकंप झालेला नाही.'

गुरुजी सुरगाणा तालुक्यातल्या एका शाळेचे मुख्याध्यापक. एकशिक्षकी शाळा, म्हणजे शिपाईही तेच. जमीन हादरायला लागली, वर्गाच्या भिंतीला तडा गेला, तेव्हा त्यांनी मुलांना बाहेर आंब्याखाली बसवायला सुरुवात केली. शिक्षण खात्याच्या वरच्या कार्यालयाने आम्हाला विचारलं. आम्ही हेच पत्र गावाला पाठवलं, प्रत त्या कार्यालयाला. मग गुरुजींना मेमो आला: अफवा पसरवल्याबद्दल खुलासा करा आणि सोमवारपासून वर्ग आतच भरवा.

"साहेब, खुलासा मी लिहीन," ते म्हणाले. "पण सोमवारी पोरांना त्या भिंतीखाली बसवायचं, तर तुम्ही एकदा परत बघून सांगा."

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नाशिकच्या आमच्या सरकारी कार्यालयात धरणांभोवतीच्या भूकंपमापकांची माहिती यायची. तोवर ती जाडजूड रजिस्टरात असे. कार्यालयात पहिला कॉम्प्युटर आला आणि मी एक प्रोग्रॅम लिहिला. गावाचं ठिकाण द्यायचं, किती किलोमीटरचं वर्तुळ ते सांगायचं, की त्या वर्तुळातल्या सगळ्या धक्क्यांची यादी प्रिंटरवर कुरकुरत बाहेर. उद्घाटनाला पेढे वाटले होते. पाहुण्यांना मी सांगितलं होतं की आता रजिस्टरं माळ्यावर टाकली तरी चालतील. रजिस्टरं सांभाळणाऱ्या साळवेबाई तेव्हा मागेच उभ्या होत्या.

तर मी गुरुजींना खुर्ची दिली आणि त्यांच्यादेखत प्रोग्रॅम चालवला. वीस किलोमीटरचं वर्तुळ. नोंदी शून्य. मी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मशीनने नव्हे, मीच त्यांच्या गावी जाऊन जमीन तपासून आलो होतो.

गुरुजींनी पिशवीतून एक वही काढली. त्यात तारखा होत्या. एका ठिकाणी लिहिलं होतं, 'तिसऱ्या तासाला पत्रे वाजले. मुलं बाहेर काढली.'

शेजारच्या खोलीतून साळवेबाई आल्या. त्यांनी वही वाचली, परत गेल्या आणि रजिस्टर घेऊन आल्या. त्याच तारखेला बारा वाजून चोवीस मिनिटांनी धक्का होता. दुसरी तारीख काढली. तीही होती. पाच मिनिटांत त्यांनी चार जुळवल्या. माझ्या प्रोग्रॅमला तोवर एकही सापडली नव्हती.

मी सरळ बाईंवर ढकललं. म्हटलं, तुम्ही या नोंदी फ्लॉपीवर चढवायच्या राहून गेल्या असतील. त्या म्हणाल्या, फ्लॉपीवरचं सगळं छापून बघा. छापलं. नोंदी होत्या, एकूण एक. अक्षांश २०.३४, रेखांश ७३.३६, रजिस्टरातलेच आकडे.

बाईंनी बोट ठेवलं. "हे वीस अंश चौतीस मिनिटं आहेत. तुम्ही गावाचं काय घातलंत?"

मी घातलं होतं २०.५७.

आता थोडं समजावून सांगतो. नकाशावरचा एक अंश म्हणजे साठ मिनिटं, घड्याळासारखंच. साडेआठ वाजले की आपण ८.३० लिहितो, पण हिशेबात ते ८.५ असतात. चौतीस मिनिटं म्हणजे ०.५७ अंश. गावाचं ठिकाण मी अगदी शास्त्रशुद्ध बदलून घेतलं होतं. नोंदींसाठी मात्र मीच बाईंना सांगितलं होतं, अंश लिहा, टिंब द्या, मिनिटं लिहा. ती मिनिटं बदलून घ्यायचं प्रोग्रॅमला सांगायला मी विसरलो. त्याने चौतीस मिनिटं हे ०.३४ अंशच धरले.

तपासणी केली नव्हती असं नाही. दोनशे किलोमीटरचं वर्तुळ घेऊन केली होती. एवढ्या मोठ्या वर्तुळात चूकही आरामात मावते.

आमचे निकम साहेब आले. त्यांनी नकाशा पसरला आणि प्रोग्रॅमच्या मते धक्के कुठे बसले होते तिथे पेन्सिलने खूण केली. खूण गावापासून पस्तीसेक किलोमीटर नैर्ऋत्येला, गुजरातेत पडली.

साहेब शांतपणे म्हणाले, "माझी बदली करायला मंत्रालयाला तीन वर्षं लागली. तुम्ही भूकंपांची परराज्यात केलीत."

गुरुजी हसले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं की नवीन पत्र आज मिळेल का. मी जुनं पत्र पुन्हा वाचलं. प्रोग्रॅमला फक्त 'नोंद सापडली नाही' एवढंच म्हणता येत होतं. 'भूकंप झालेला नाही' हे मी पदरचं लिहिलं होतं, आणि त्या माझ्या वाक्यावर मुलं भिंतीखाली बसणार होती.

दुरुस्तीला तीन ओळी पुरल्या. यादीत अकरा धक्के आले. गुरुजींच्या वहीत नऊच होते. दोन धक्क्यांच्या दिवशी ते पगारासाठी तालुक्याला गेले होते. पत्र टाइप होऊन सही होईपर्यंत ते बाकावर बसून राहिले आणि शेवटची एसटी गाठायला निघून गेले. मेमो मागे घेतला गेला. पुढे बांधकाम खात्याच्या इंजिनियरने ती भिंत पाहिली आणि उतरवूनच टाकली.

आमच्याकडून आणखी सहा गावांना तशीच पत्रं गेली होती. 'पूर्वीचे पत्र रद्द समजावे' असं सहा वेळा लिहून मी सही केली. साहेबांनी नियम केला की कॉम्प्युटरच्या प्रत्येक उत्तरावर माझ्या सहीशेजारी साळवेबाईंचीही सही हवी. बाईंनी तो नियम निवृत्तीपर्यंत पाळला आणि माझ्या आणखी दोन चुका पकडल्या. त्या इथे सांगत नाही.

पुढे अनेक प्रोग्रॅम लिहिले. ज्याचं उत्तर कुणालातरी आधीच माहीत आहे, असा प्रश्न मी नव्या प्रोग्रॅमला सगळ्यात आधी विचारतो. ते माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. बहुतेक वेळा ते शेजारच्याच खोलीत बसलेलं असतं, आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं.